अकरा माणसं

पडद्यावर एकाहत्तरावा मतदारसंघ
अकरा माणसांनी कमी पडत होता.
रात्रीचे पावणेदोन. सकाळी नकाशा समितीपुढे जायचा.
मी माउस सरकवला,
टॅनरी स्ट्रीटच्या दक्षिणेचा एक ठोकळा
अठ्ठेचाळीसमधून उचलून एकाहत्तरात ठेवला.
आकडा हिरवा झाला.
डब्यातली उरलेली पोळी गुंडाळून खाल्ली, उभ्याउभ्याच.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात.
मतदारसंघाचा आकार, हे तिसरं त्यात घालायला हवं.
जुन्या कागदावर एकाहत्तर चांगला चौकोनी होता,
कोपऱ्यात कुणाच्या तरी कॉफीचं गोल वळं.
मग एका दशकात त्याला नाक फुटलं,
रुळांपलीकडची वस्ती हुंगणारं.
पुढच्या दशकात शेपूट:
महामार्गाएवढीच रुंद, तिच्यात एकही माणूस राहत नाही,
ती फक्त दोन गावांना एकत्र धरून ठेवते
जसं भांडलेल्या नवराबायकोला घराचं कर्ज.

प्रतिनिधींची यादीही होती माझ्याकडे, तारखांसकट.
ऑर्विल स्टॅकपोल, हातमोज्यांच्या कारखान्याचे मालक, बावीस वर्षं.
मग एक दंतवैद्य, एका मुदतीत कंटाळलेला.
मग कुणाची तरी विधवा, उरलेल्या सात महिन्यांपुरती;
यादीत 'मिसेस' आणि पुढे नवऱ्याचंच नाव.
मग जो आहे तो. चौदा वर्षं, बिनविरोध.
हा शब्द मी लहानपणी वाचलेला
दूध सोसायटीच्या फळ्यावर, खडूनं लिहिलेला.
तेव्हा वाटायचं,
केवढं प्रेम असेल लोकांचं.

कायदा झाल्यावर, मे महिन्यात, रजा टाकून
मी वॉलकॉटला गेले. ओहायोच्या त्या कोपऱ्यात
बस दिवसातून दोनदाच जाते.
ठोकळा म्हणजे सहा घरं, एक बंद लॉन्ड्री,
मॅपलखाली गंजलेला पाण्याचा नळखांब.
माणसं मोजली. नऊच भरली.
दोघं गेली होती मार्चमध्ये,
एक दफनभूमीत, एक टेक्सासला.

वर्डेल टीग पायरीवर मटार सोलत बसलेली.
तिची बहीण अर्नेस्टीन समोरच, रस्ता ओलांडला की.
रस्ता आता सीमा होता
आणि त्याला ते माहीत नव्हतं.
मधोमध पिवळा पट्टा होता खरा,
पण तो गाड्यांसाठी.

"एक्केचाळीस वर्षं आम्ही दोघी फायर स्टेशनात जातो मत द्यायला.
जाताना ती माझा दंड धरते, येताना मी तिचा.
आता मला शाळेत बोलावलंय. दोन मैल. उलट्या दिशेला.
मी कुठं गेलेय का हलून?"
तिनं बिस्किटांचा डबा उघडला, आत मतदार कार्डं:
बावीस, बावीस, नऊ, अठ्ठेचाळीस,
आणि हे नवं, अजून करकरीत.
पत्ता सगळ्यांवर एकच.

"हे करतं कोण?"
रागानं नाही विचारलं. जसं नव्या शेजारणीला विचारावं,
पेपर कोण टाकतो तुमच्याकडे.
मी म्हणाले, कमिटी.
फार सोयीचा शब्द. कमिटीला चेहरा नसतो
आणि तिचं मनगट दुखत नाही.

मग मीही शेंगा सोलू लागले.
नखात हिरवं भरलं. बराच वेळ कुणी बोललं नाही.
इतक्यात अर्नेस्टीन आली रस्ता ओलांडून,
डावीउजवीकडे न बघता, हातात पातेलं.
"थोडे कमी पडतायत गं," म्हणाली.
वर्डेलनं एक ओंजळ ओतली, मग अजून एक,
न मोजता.